एका लिंबाची जोखीम

काकूंनी बसच्या पायरीवर एक पाय ठेवला आणि पुन्हा मागे वळून म्हणाल्या, "अहो, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. लिंबू तेवढं सांभाळा."

"लिंबू म्हणजे झाड की फळ?" विमाकाकांनी विचारलं.

प्रश्न वाटतो तितका वेडगळ नव्हता. ज्या माणसाचं आयुष्य विमा कंपनीत गेलं, त्याला जोखीम नेमकी कशाची आहे हे आधी स्पष्ट व्हावं लागतं. जळालेली गोदामं, चेपलेल्या मोटारी, भिजलेल्या कापडाचे गठ्ठे बघायचे आणि नुकसानीचा अंदाज बांधायचा, ही त्यांची नोकरी. निवृत्तीनंतर गोदामं सुटली, अंदाज मात्र सुटले नाहीत. दाराची घंटा जरा लांब वाजली तरी त्यांच्या डोळ्यांपुढे अग्निशामक दलाचा बंब उभा राही. इमारतीत लहानथोर सगळे त्यांना विमाकाका म्हणत आणि ते बरोबरच होतं.

"दोन्ही," काकू म्हणाल्या. "आणि पाणी घालायच्या आधी मातीत बोट घालून बघायचं. चांगलं दोन पेरं आत. ओलं लागलं तर पाणी नाही. कोरडं लागलं तर सकाळी एक तांब्या. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

"बोट. तांब्या. लिंबू."

ड्रायव्हरने भोंगा वाजवला, काकू आत गेल्या आणि बस धुळीतून निघून गेली. धाकट्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. ती उठूबसू लागेपर्यंत काकू तिकडेच राहणार होत्या. विमाकाका थांब्यावर उभे राहिले आणि त्यांनी पहिला अंदाज बांधला. तो चांगला नव्हता.

आता हे लिंबू काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. दुसऱ्या मजल्यावरची त्यांची गॅलरी पश्चिमेला. पावसाचं नाव नाही, दुपारी वाऱ्याची झळ अशी येई की वाळत घातलेला टॉवेल पापडासारखा कडक व्हायचा. अशा गॅलरीत काकूंनी एक निळं प्लास्टिकचं पिंप अर्धं कापून त्यात लिंबाचं कलम लावलं होतं. कलम वाढलं, पानं आली, काटे आले, दर उन्हाळ्यात फुलंही आली आणि दर उन्हाळ्यात ती गळून गेली. काकू केर काढताना ती फुलं वेगळी उचलत आणि काही न बोलता झाडाच्या बुंध्याशी ठेवत. अशी किती वर्षं गेली. आणि यंदा, बाकी सगळी फुलं गळाल्यावर, एका फांदीच्या टोकाला सुपारीएवढं एक हिरवं लिंबू राहिलं. एकच. काकू रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर उभ्या राहत. "पिकलं की मीच तोडणार," त्यांनी जाहीर केलं होतं. नवऱ्याला सकाळच्या चहाच्या वेळी बायको इतक्या कौतुकाने बघत नाही, ही गोष्ट विमाकाकांच्या ध्यानात आली होती. पण ते बोलले नव्हते.

पहिली सकाळ नीट पार पडली. विमाकाकांनी माती पाहिली. बोट मात्र घातलं नाही. बोट हे मोजमापाचं साधन आहे असं त्यांच्या खात्यात कुणी कधी मानलं नव्हतं. डोळ्यांनी पाहणी हा त्यांचा आयुष्यभराचा धंदा. माती वरून पांढुरकी, भेगाळलेली दिसत होती. "कोरडी," त्यांनी निर्णय दिला आणि एक तांब्या पाणी घातलं.

दुपारी जेवून ते गॅलरीत आले आणि जागीच थिजले. झाडाने मान टाकली होती. पानं आत वळून खाली लोंबत होती.

इथे एक साधी गोष्ट आहे. कडक उन्हात आपण जसं डोक्यावर पंचा घेऊन सावलीला बसतो, तसं झाडही दुपारी पानं मिटून, अंग चोरून बसतं. संध्याकाळी उन्हं कलली की आपली आपण पानं उघडतं. दुपारी त्याच्याकडे बघून घाबरायचं नसतं, संध्याकाळी बघायचं असतं. पण संध्याकाळपर्यंत थांबायला जो स्वभाव लागतो, तो विमाकाकांकडे नव्हता. त्यांनी बादली भरून आणली आणि ओतली. संध्याकाळी पानं उघडली. विमाकाका म्हणाले, "बघा! वेळेवर लक्षात आलं म्हणून वाचलं."

झालं. तेव्हापासून दुपारची बादली सुरू झाली. उन्हाने वरची माती तासाभरात पुन्हा पांढरी पडे आणि विमाकाका तिच्याकडे पाहून म्हणत, "किती पितंय बिचारं!" खाली दोन पेरांवर काय चाललंय, हे विचारायला त्यांनी बोट पाठवलंच नाही.

चौथ्या की पाचव्या बादलीला खालून हाक आली.

"अहो विमाकाका! वर काय हत्तीला आंघोळ घालताय का?"

खालच्या मजल्यावर मावशी राहत. मावशींना दोन गोष्टींचा अभिमान होता, आपल्या आवाजाचा आणि आपल्या पांढऱ्या चादरींचा. पिंपाच्या बुडाला पाणी निघायला भोक होतं. तिथून पाणी गॅलरीच्या कोपऱ्यातल्या छोट्या नळीतून बाहेर पडे, आणि ती नळी बरोबर मावशींच्या दोरीवर उघडत होती. काकूंच्या तांब्यातून खाली पोचत ते दोन-चार थेंब. बादलीतून पोचला तो गढूळ पाण्याचा ओहोळ.

"मावशी, झाडाची तब्येत जरा नाजूक आहे."

"आणि माझ्या चादरीची? ही बघा! नकाशा काढलाय नुसता!"

प्रकरण सेक्रेटरींकडे गेलं. सेक्रेटरी हे सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांना नियम पाठ होते आणि जे पाठ नव्हते ते ते जागेवर तयार करत. ते वर आले, नळी पाहिली, चष्मा कपाळावर सरकवून खाली वाकले आणि म्हणाले, "गॅलरीतून खाली पाणी पडता कामा नये."

"थोडंसुद्धा?"

"एक थेंब पडला तरी झाड हलवावं लागेल. गच्चीवर."

"गच्चीवर? उन्हात? भाजून निघेल ते!"

"नियम म्हणजे नियम. मी रोज पाहायला येईन."

विमाकाकांना त्या रात्री नीट जेवण गेलं नाही. गच्चीवर ठेवलेलं झाड, करपलेलं लिंबू आणि बसमधून उतरणाऱ्या काकू, हे तिन्ही त्यांच्या डोळ्यांपुढे रांगेत उभे राहिले. सकाळी उठून त्यांनी जो उपाय केला, तो विमा खात्यातल्या माणसालाच सुचेल. नुकसान कुठून होतंय? भोकातून. मग भोकच बंद. त्यांनी घरातलं उरलेलं पांढरं सिमेंट कालवलं, पिंप तिरकं केलं आणि बुडाचं भोक लिंपून टाकलं. एकदा लिंपलं, वाळू दिलं, वर आणखी एक थर दिला. मग हात धुऊन खाली जाऊन मावशींना सांगितलं, "आता थेंबसुद्धा येणार नाही. माझा शब्द."

थेंब खरंच आला नाही. सेक्रेटरी येऊन नळीत बोट घालून गेले आणि म्हणाले, "याला म्हणतात सहकार्य." आश्चर्य बघा, तोवरच्या सबंध प्रकरणात बोट घालून पाहिलं ते एकट्या सेक्रेटरींनी, आणि तेही नको तिथे.

आठवडा गेला नाही तोच पानं पिवळी पडायला लागली.

काकूंचा फोन रोज येई. बहिणीच्या मुलीच्या मोबाइलवरून तोंड दिसणारा फोन. "मला नको, लिंबू दाखवा," असं त्या म्हणत. विमाकाका मोबाइल अशा बेताने धरत की चौकटीत लिंबू आणि दोन हिरवी पानं एवढंच यावं. ती दोन हिरवी पानंही लवकरच पिवळी झाली. एक गळालं. उरलेलं एक त्यांनी दोऱ्याने फांदीला बांधलं.

"आज फारच जवळून दाखवताय," काकू म्हणाल्या.

"फोन जुना झालाय. लांबून फिकट दिसतं."

पिवळं झाड रस्त्यावरूनही दिसत असे, त्यामुळे सल्ला द्यायला कुणाला बोलवावं लागलं नाही. पहिल्यांदा आले समोरच्या घरातले प्राध्यापक. त्यांनी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं होतं आणि झाड हे त्यांच्या मते बाटलीबाहेर आलेलं रसायनशास्त्रच होतं. एक पान उन्हात धरून ते म्हणाले, "शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. लोह कमी पडलंय."

"मग काय करायचं?"

"लोखंड द्यायचं."

विमाकाकांनी घरातले सगळे गंजके खिळे मातीत खोचले. एक जुनी बिजागरीही पुरली. प्राध्यापकांनी जाता जाता आणखी सांगितलं, "ऊन थेट येऊ देऊ नका. पांढरं कापड बांधा." घरात पांढऱ्या चादरी दोन होत्या, गॅलरीला तीन लागत होत्या. तिसरी मागायला विमाकाका मावशींकडे गेले, ही त्यांच्या आयुष्यातली सर्वांत धाडसाची गोष्ट. मावशींनी दार उघडलं, मागणी ऐकली आणि म्हणाल्या, "ती नकाशावाली न्या. तशीही तुमचीच झालीय."

पानं गळतच राहिली. मग वरच्या मजल्यावरून कंपाउंडर उतरले. मोठ्या दवाखान्यात नोकरी केलेला माणूस. जिन्यात कुणी शिंकलं तरी नाडी बघायचा. त्यांनी झाडाभोवती एक फेरी मारली आणि हलक्या आवाजात विचारलं, "पाणी कसं देता?"

"बादलीने."

"अरे देवा. अशक्त पेशंटला बादलीने? थेंब थेंब द्यायचं. मी आणतो."

आणि त्यांनी आणल्या सलाईनच्या रिकाम्या बाटल्या, नळ्यांसकट. त्या घरात का ठेवल्या होत्या, हे विचारायचं विमाकाकांना धाडस झालं नाही. कपडे वाळत घालायच्या तारेला चार बाटल्या उलट्या टांगल्या गेल्या, नळ्या मातीत गेल्या, कंपाउंडरांनी चाकं फिरवून थेंबांचा वेग ठरवला. "आता रात्रंदिवस चालू राहील," ते समाधानाने म्हणाले. चालू राहिलंच. वर थेंब थेंब, खाली भोक बंद, आणि मध्ये ते बापडं झाड.

पण विमाकाकांचं लक्ष झाडावरून केव्हाच उडालं होतं. त्यांचा जीव अडकला होता तो लिंबात. झाड गेलं तर नवीन आणता येईल असं ते मनाशी म्हणत, आणि मग दचकून मागे बघत, काकूंनी ऐकलं तर नाही ना. लिंबू पडता कामा नये. वारा आला तर? देठ सुटलं तर? त्यांनी स्वतःचा धुतलेला रुमाल घेतला, त्याची झोळी केली, चारी टोकं वरच्या फांदीला बांधली आणि लिंबाला तान्ह्या बाळासारखं आत निजवलं. मग शेजारी खुर्ची टाकून बसले. जेवायला उठत, पुन्हा येऊन बसत. दाढी वाढली. डोळे खोल गेले. फोन वाजला की ते नुसते त्याच्याकडे बघत बसत. कारण आता चौकटीत दाखवायला एकही पान उरलं नव्हतं. एके दिवशी त्यांनी काकूंचा फोन उचललाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

आता हे सगळं रस्त्यावरून कसं दिसत असेल बघा. गॅलरीला पांढरे पडदे. पडद्यांच्या फटीतून टांगलेल्या सलाईनच्या बाटल्या. त्यांच्याखाली खुर्चीत दाढी वाढलेला, गप्प बसलेला माणूस. रोज वर जाताना दिसणारा कंपाउंडर. घरात बाई नाही.

मावशींनी प्रथम पाहिलं आणि त्यांच्या हातातला चिमटा गळून पडला. "अगं बाई! आणि मी त्यांना चादरीवरून बोलले!" त्यांनी सेक्रेटरींना गाठलं. सेक्रेटरी म्हणाले, "तरीच हल्ली वाद घालत नव्हते." दोघांनी ठरवलं की त्यांना काही विचारायचं नाही, उगाच मनाला लागेल. शहाणी माणसं अशीच असतात; विचारलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती.

मावशींनी काकूंना फोन लावला. "काकू, घाबरू नका हं. सलाईन चालू आहे. चार बाटल्या. तुम्ही निघा."

फोन न उचलणारा नवरा आणि चार बाटल्या. काकूंनी मिळेल ती पहिली बस पकडली.

त्याच दिवशी संध्याकाळी विमाकाकांच्या घरी माणसं यायला लागली. सगळी चवड्यांवर चालत आणि डोळे पुसत. मावशींनी पेज आणली. प्राध्यापक नुसतेच आले, पण त्यांनी खांद्यावर हात ठेवला. सेक्रेटरी पिशवी पुढे करत हळुवारपणे म्हणाले, "लिंबं आहेत. सरबत घेत चला. ताकद येते."

विमाकाकांनी पिशवीत डोकावून पाहिलं. पिवळीधमक, रसरशीत, एकेक मुठीएवढं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सेक्रेटरी मावशींच्या कानात म्हणाले, "भावना अनावर झाल्या."

एवढ्यात जिन्यात पावलं वाजली आणि काकू दारात आल्या. केस विस्कटलेले, पिशवी खांद्यावरून घसरलेली. समोर विमाकाका दोन पायांवर उभे, हातात पाण्याचा जग.

"तुम्ही उभे आहात?" काकू म्हणाल्या.

"मग काय करू?"

"सलाईन कुणाला लावलंय?"

विमाकाकांनी मान खाली घातली आणि पडदा बाजूला केला.

पिंपात एक काठ्यांचा जुडगा उभा होता. त्याला चार नळ्या गेल्या होत्या. दोऱ्याला एक वाळकं पान लटकत होतं. आणि मधोमध रुमालाची झोळी. मावशींनी पेजेच्या भांड्यावर पुन्हा झाकण ठेवलं. कंपाउंडर, जे गर्दी कशाची ते बघायला शेवटी आले होते, ते पहिले परत निघाले. पण दार माणसांनी अडवलं होतं.

काकू एकदा खाली टेकल्या. "मला वाटलं तुम्ही…" असं म्हणून त्यांनी पदराने तोंड पुसलं. मग उठल्या, पिंपाजवळ गेल्या आणि मातीत बोट घातलं. दोन पेरं आत. बोट बाहेर काढून वास घेतला.

"चिखल आहे हा. कुजलाय. पाणी कुठून बाहेर जातं?"

"जात नाही," विमाकाका म्हणाले. आणि सवयीने, जरा अभिमानाने, "भोक बुजवलंय. सिमेंटने. दोन थर."

"का?"

"थेंब पडता कामा नये असं ठरलं होतं."

सगळे सेक्रेटरींकडे वळले. पण सेक्रेटरी तिथे नव्हते. एवढ्या गर्दीत पिंपाला धक्का लागून खाली पाणी तर जात नाही ना, हे पाहायला ते मावशींच्या गॅलरीत उतरले होते आणि त्या नळीखाली उभे राहून वर बघत होते. कर्तव्याला वेळकाळ नसतो.

"हातोडी द्या. आणि स्क्रूड्रायव्हर," काकू म्हणाल्या.

प्राध्यापकांनी पिंप तिरकं धरलं, काकूंनी खालून स्क्रूड्रायव्हर लावून तीन ठोके दिले. सिमेंटचा खडा उडाला. इतक्या दिवसांच्या बादल्या, बाटल्या, खिळ्यांचा गंज आणि बिजागरीचं लोह, सगळं एकदम सुटलं. नळीतून आवाज आला. मग खालून दुसरा आवाज आला. तो सेक्रेटरींचा होता आणि त्यात नियम एकही नव्हता.

पिंप सरळ ठेवताना फांदी हलली. विमाकाका झोळीकडे धावले. काकूंनी त्यांना हातानेच थांबवलं आणि रुमालाची गाठ स्वतः सोडली.

लिंबू आत होतं. देठ नव्हता. म्हणजे होता, पण फांदीवर, वाळून काळा झालेला. लिंबू केव्हाचंच सुटलं होतं आणि झोळीत पडून होतं. साल सुरकुतलेली, एका बाजूला पिवळट.

"कधी पडलं?" काकूंनी विचारलं.

"मी तर रोज बघत होतो," विमाकाका म्हणाले. "जेवायलासुद्धा नीट गेलो नाही गं." जळालेल्या गोदामासमोर मालक कसा उभा राहतो ते त्यांनी पुष्कळदा पाहिलं होतं. कसं वाटतं ते आज कळलं.

काकू लिंबू मुठीत घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. बाहेर सगळे जमिनीकडे बघत उभे राहिले. नळातून पाणी पडल्याचा आवाज आला तेव्हा मावशींनी सुस्कारा सोडला. मग चमचा वाजला.

काकू ताट घेऊन बाहेर आल्या. ताटात सरबताचे पेले होते, प्रत्येकाला एक. सेक्रेटरी टॉवेल गुंडाळून वर आले होते, त्यांनाही एक.

"सेक्रेटरींनी आणलेल्या लिंबांचं?" प्राध्यापकांनी विचारलं.

"नाही. आपल्याच लिंबाचं," काकू म्हणाल्या. "सगळ्यांनी मिळून वाढवलंय ना? सगळ्यांनी प्या."

एका सुकलेल्या लिंबाचं एवढ्या पेल्यांत सरबत. लिंबू लागत नव्हतं, आठवावं लागत होतं. तरी प्रत्येकाने शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलं आणि कुणी सल्ला दिला नाही.

"झाडाचं काय?" विमाकाकांनी सगळे गेल्यावर भीत भीत विचारलं.

काकूंनी नखाने बुंध्याची साल जराशी खरवडली. आत हिरवं होतं. "जीव आहे अजून. खिळे काढा, बाटल्या परत द्या, वाळक्या काड्या मी छाटते. चादर राहू दे, ती तेवढी बरी केलीत. आणि आता त्याला एकटं सोडा. मी उद्या परत जातेय, बहीण अजून काठी धरून चालतेय."

"मी काय करू मग?"

"रोज सकाळी बोट घालायचं. ओलं लागलं तर खुर्चीत येऊन बसायचं."

"आणि?"

"आणि काही नाही."

विमाकाकांनी आयुष्यात यापेक्षा अवघड काम केलं नव्हतं. सकाळी बोट घालायचं, ओलं लागायचं, खुर्चीत यायचं. दुपारी उन्हाची झळ आली की हात आपोआप बादलीकडे जाई, म्हणून बादली त्यांनी मावशींकडे ठेवायला दिली. फोनवर काकू विचारत, "काय केलंत आज?" आणि ते दमल्या आवाजात म्हणत, "काहीच नाही. दिवसभर."

मग एका सकाळी बोट कोरडं निघालं. विमाकाकांनी खात्री करायला दुसरं बोटही घातलं. मोजून एक तांब्या पाणी घातलं आणि कानोसा घेत उभे राहिले. इतक्यात खालून हाक आली.

"विमाकाका!"

"चुकलो मावशी! थेंब पडले का? पुसायला येतो!"

"अहो, पुसताय काय! चारच पडले, मी चादर सरकवून वाटी ठेवलीय. म्हणजे पाणी जातंय ना खाली?"

"जातंय."

"मग झालं तर. वर काही दिसतंय का ते बघा जरा नीट."

विमाकाकांनी चष्मा लावून पाहिलं. छाटलेल्या काडीच्या बगलेत, मोहरीएवढा, तांबूस कोंब होता. त्यांनी खिशात हात घातला आणि रुमाल बाहेर काढला. थोडा वेळ तो हातात धरून उभे राहिले. मग रुमालाने कपाळ पुसलं, तो परत खिशात ठेवला आणि खुर्चीत जाऊन बसले.

तेव्हापासून सकाळी वाटीत थेंब वाजले नाहीत, तर मावशीच खालून ओरडतात, "अहो, आज पाणी आलं नाही! बोट घातलंत का?"